ज्यूरी भरपाईचा आकडा कुठून आणते?

अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यात साक्षीपुरावे संपले, वकिलांची शेवटची भाषणं झाली, की ज्यूरी आपल्या खोलीत जाते. सोबत एक छापील फॉर्म असतो. त्यावर ओळीने प्रश्न असतात. प्रतिवादीकडून निष्काळजीपणा झाला का? त्यामुळे वादीला इजा झाली का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या ओळींकडे वळायचं: आजवरचा दवाखान्याचा खर्च, पुढे लागणारा खर्च, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई आणि शेवटी शारीरिक वेदना व मानसिक त्रास. प्रत्येक ओळीच्या टोकाला डॉलरचं चिन्ह आणि कोरी जागा. ती भरायची ती एका शिक्षिकेने, एका ट्रक ड्रायव्हरने, एका निवृत्त पोस्टमनने आणि अशाच आणखी काही जणांनी. यातल्या कुणी आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेली नसते.

वेदनेची ओळ भरण्यासाठी त्यांना मदत काय मिळते? कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी ज्यूरीला वाचून दाखवायच्या ज्या ठरीव सूचना आहेत, त्यांचा मथितार्थ असा: या भरपाईसाठी कुठलाही ठरलेला मापदंड नाही; पुरावा बघा, व्यवहारज्ञान वापरा आणि वाजवी रक्कम ठरवा. वाजवी म्हणजे दहा हजार की दहा लाख, याबद्दल एक अक्षर नाही. हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही. वेदनेला बाजारभाव नसतो, तेव्हा तिचं मोल समाजातल्या चार माणसांनी एकत्र बसून ठरवावं, असा त्यामागचा विचार आहे. मला तो मनापासून पटतो. मात्र त्या चार माणसांना आपण किती एकटं सोडतो, ते या लेखात सविस्तर सांगायचं आहे.

मराठी वाचकाला ज्यूरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटला आठवतो. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपी निर्दोष असल्याचं सांगितलं आणि पुढे उच्च न्यायालयाने ते फिरवलं. पण तो फौजदारी खटला होता. दोषी की निर्दोष, एवढंच तिथे ज्यूरीला विचारलं होतं. अमेरिकेत पैशांच्या दाव्यातही ज्यूरी मागण्याचा हक्क आहे आणि तो १७९१ पासून राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीत लिहिलेला आहे. वीस डॉलरपेक्षा मोठ्या वादाला तो लागू होतो. हा वीसचा आकडा आजही तसाच आहे. दुरुस्ती बंधनकारक आहे ती फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांवर. बहुतेक राज्यांनी आपापल्या घटनांमध्ये तसाच हक्क ठेवला आहे. ज्यूरी किती जणांची, हे जागेवर अवलंबून. कॅलिफोर्नियात साधारण बारा जण असतात आणि त्यातल्या नऊ जणांचं जमलं की निकाल लागतो. न्यू जर्सीत सहा जण पुरतात आणि पाच जणांचं एकमत लागतं. तिथे स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या कितीतरी मराठी घरांत ज्यूरीचं समन्स येतं. ग्रीन कार्डवर असेपर्यंत ही जबाबदारी नसते.

आधी सोप्या ओळी घेऊ. दवाखान्याची बिलं समोर असतात, ती बेरजेची बाब. पुढच्या कमाईचा हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. समजा, चाळीस वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन वर्षाला ६०,००० डॉलर कमावत होता. अपघातात त्याचा हात कायमचा निकामी झाला. तो आणखी २५ वर्षं काम करता, म्हणजे १५ लाख डॉलर बुडाले. पण हे पैसे त्याला आज एकरकमी मिळणार, ते तो गुंतवणार, त्यावर व्याज मिळणार. म्हणून येणाऱ्या वर्षांच्या कमाईचं आजचं मूल्य काढावं लागतं. दुसरीकडे पगारही वाढत गेला असता. व्याजातून पगारवाढ वजा केल्यावर उरणारा दर २ टक्के धरला तर रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार येते. तोच दर १ टक्का धरला तर १३ लाख २१ हजार. एका टक्क्याने दीड लाख डॉलरचा फरक पडला. म्हणून दोन्ही बाजू आपापला अर्थतज्ज्ञ साक्षीला आणतात, दोघेही तक्ते दाखवतात आणि दोघांचीही गणितं बरोबर असतात. गृहीतकं वेगळी असतात. ज्यूरीला खरं तर बेरीज तपासायची नसतेच. कुणाचं गृहीतक माणसाच्या खऱ्या आयुष्याशी जुळतं, ते बघायचं असतं.

या गृहीतकांत अन्यायही दडलेला असतो. स्त्रियांची आणि अश्वेतांची सरासरी कमाई कमी, म्हणून जखमी मुलीची किंवा कृष्णवर्णीय मुलाची भविष्यातली कमाई कमी धरायची, असं वर्षानुवर्षं चाललं. जुन्या भेदभावाचे आकडे उद्याच्या भरपाईत उतरायचे. कॅलिफोर्नियाने २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने वंश किंवा लिंग बघून बुडालेली कमाई कमी करायला मनाई केली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता वेदनेची ओळ. इथे पुराव्यात आकडा नसतोच. असतं ते माणसाचं बदललेलं रोजचं जगणं: रात्री कूस बदलताना येणारी कळ, शर्टाची बटणं लावायला लागणारी बायकोची मदत, नातवाला उचलून घेता न येणं. वादीचे वकील हे सगळं साक्षीतून उभं करतात आणि मग त्याचं रूपांतर पैशांत करायची एखादी शिडी ज्यूरीपुढे ठेवतात. सगळ्यात प्रसिद्ध शिडी म्हणजे तासांचा हिशेब. माणूस आणखी तीस वर्षं जगणार, दिवसातले सोळा तास जागा असणार, म्हणजे १,७५,२०० तास वेदना. तासाला फक्त पाच डॉलर धरा. होतात ८ लाख ७६ हजार. पाच डॉलर ऐकायला किती किरकोळ वाटतात! पण ते पाचच का, दोन किंवा दहा का नाहीत, याला आधार काहीच नाही. म्हणून काही राज्यांत ही पद्धत चालते, काहींत चालत नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये, ‘बोटा विरुद्ध ब्रुनर’ खटल्यात, वेदनेसाठी वकिलाने ज्यूरीपुढे आकडा मांडायलाच मनाई केली होती. आणखी एक गोष्ट जवळपास सगळीकडे वर्ज्य आहे. ‘ही वेळ तुमच्यावर आली असती तर तुम्ही किती मागितले असते?’ असं ज्यूरीला विचारता येत नाही. कारण स्वतःला वादीच्या जागी ठेवलं की माणूस तिऱ्हाईत राहत नाही, पक्षकार होतो.

वकिलाने उच्चारलेल्या आकड्याचा जोर किती असतो, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसलं. गर्भनिरोधक गोळीमुळे कर्करोग झाला, असा दावा करणाऱ्या स्त्रीचा एकच काल्पनिक खटला सगळ्यांना वाचायला दिला. बदलली फक्त मागणी. जिथे मागणी १०० डॉलरची होती तिथे सरासरी सुमारे ९९० डॉलर दिले गेले. २०,००० च्या मागणीला सुमारे ३६,०००. पन्नास लाखांच्या मागणीला साधारण ४ लाख ४० हजार आणि १०० कोटींच्या मागणीला साधारण ४ लाख ९० हजार. तथ्यं तीच, इजा तीच. मागितलं तेवढंच मिळालं असं नाही, पण जितकं जास्त मागितलं तितकं जास्त मिळालं. पन्नास लाखांच्या पुढे हा चढ जवळपास सपाट होतो, हेही लक्षात घ्या; लोक आकड्याने ओढले जातात, पण वाहून जात नाहीत. प्रतिवादीच्या वकिलापुढे मात्र पेच असतो. ‘आमची चूकच नाही’ असं सांगून झाल्यावर ‘आणि असलीच तर पन्नास हजार द्या’ असं म्हणावं, तर पहिलं वाक्य लुळं पडतं. गप्प बसावं, तर ज्यूरीच्या कानात एकच आकडा घुमत राहतो.

खोलीत गेल्यावर काय होतं, याची माहिती मिळणं अवघड असतं. ज्यूरीची चर्चा गुप्त असते आणि कोण काय बोललं यावरून निकाल उलटवायला फेडरल न्यायालयं सहसा परवानगी देत नाहीत. ॲरिझोनात मात्र न्यायालयाच्या परवानगीने ५० दिवाणी ज्यूरींच्या चर्चा संशोधकांनी चित्रित केल्या. त्यातून दिसलं की ज्या गोष्टी ज्यूरीपासून मुद्दाम दूर ठेवल्या जातात, त्यांचीच चर्चा होते. प्रतिवादीचा विमा आहे का, हे निष्काळजीपणा सिद्ध करायला सांगता येत नाही. तरी बहुतेक चर्चांमध्ये विम्याचा विषय निघालाच. लोकांना जास्त काळजी होती ती वादीच्या विम्याची: याची बिलं आधीच कुणी भरली असतील तर आपण दुसऱ्यांदा देतोय का? वकिलाच्या फीचंही तसंच. इजेच्या दाव्यांत वादीचा वकील बहुधा मिळालेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. फॉर्मवर फीसाठी ओळ नसते. पण एखादा ज्यूरर बोलून जातो, ‘याच्या हातात शेवटी उरणार किती?’ शहाण्यासुरत्या माणसांना पडणारे हे साहजिक प्रश्न आहेत. त्यांच्यावर मौन पाळण्यापेक्षा न्यायाधीशांनी आधीच कारण समजावून सांगितलं तर लोक ऐकतात, असं मला वाटतं.

मग मतं एकमेकांच्या जवळ कशी येतात? बहुधा कुणीतरी सुचवतं की प्रत्येकाने आपापला आकडा चिठ्ठीवर लिहावा. एकाचा येतो वीस हजार, एकाचा चार लाख. इथे कायद्याची एक बारीक रेघ आहे. सरासरी काढून ती चर्चेची सुरुवात म्हणून वापरायला हरकत नाही. पण ‘जी सरासरी येईल ती आपल्या सगळ्यांवर बंधनकारक’ असं आधीच ठरवून टाकलं तर तो निकाल अवैध ठरतो. कारण मग शून्य लिहिणारा किंवा एक कोटी लिहिणारा एकटा माणूस कुणालाही न पटवता निकाल ओढून नेतो. खरी चर्चा होते तेव्हा वीस हजारवाला सांगतो की त्याच्या आईला तशीच इजा झाली होती आणि ती सहा महिन्यांत बरी झाली. चार लाखवाली साक्षीतली नोंद काढून दाखवते की या बाईंचा पाय अजून वाकत नाही. अडलं तर न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवून प्रश्न विचारता येतो. अशा घासाघाशीतून आलेला आकडा मला सरासरीपेक्षा शतपटीने विश्वासाचा वाटतो.

या सगळ्यापेक्षा वेगळी ओळ म्हणजे दंडात्मक भरपाई. ती वादीचं नुकसान भरून काढण्यासाठी नसते. प्रतिवादीने जाणूनबुजून किंवा इतरांच्या जिवाची पर्वा न करता काही केलं असेल तर त्याला शिक्षा म्हणून आणि इतरांना जरब म्हणून ती असते. बऱ्याच राज्यांत तिच्यासाठी पुरावाही जास्त भक्कम लागतो. नेब्रास्का राज्यात ती देताच येत नाही.

‘कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळाले’ ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती या ओळीमुळेच. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात १९९२ मध्ये ७९ वर्षांच्या आजींनी मॅकडोनल्ड्सची कॉफी घेतली. गाडी नातू चालवत होता आणि तेव्हा ती थांबलेली होती. आजींनी कप गुडघ्यांत धरून झाकण काढायला घेतलं आणि कॉफी मांडीवर सांडली. कॉफीचं तापमान ठेवलं जात होतं १८० ते १९० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ८२ ते ८८ सेल्सिअस. मांड्या आणि जांघेतली कातडी पूर्ण खोलीपर्यंत भाजली. आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. त्यांनी कंपनीकडे मागितले होते सुमारे २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००.

१९९४ मध्ये ज्यूरी बसली तेव्हा त्यातल्या काहींना हा खटलाच फालतू वाटत होता, हे त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. मन बदललं ते पुराव्याने. भाजलेल्या अंगाचे फोटो समोर आले. आधीच्या दहा वर्षांत अशा भाजण्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आल्याचं समोर आलं. आणि विकल्या गेलेल्या अब्जावधी कपांपुढे ७०० ही संख्या नगण्य असल्याचं कंपनीच्या बाजूच्या साक्षीदाराने सांगितलं. त्या सातशेंमधली एक बाई समोर बसलेली असताना हे वाक्य ज्यूरीला कसं लागलं असेल!

आता त्यांचा हिशेब बघा. प्रत्यक्ष नुकसान आणि वेदना मिळून २ लाख डॉलर. त्यात आजींची स्वतःची चूक २० टक्के, म्हणून ४० हजार वजा, उरले १ लाख ६० हजार. (मेरीलँड किंवा व्हर्जिनियासारख्या राज्यात वादीची थोडीही चूक निघाली तर दावा सहसा संपतो.) मग दंडात्मक भरपाई २७ लाख. तो आकडा हवेतून आला नव्हता. कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीइतकी रक्कम, असा त्याला आधार होता. दोन दिवसांची विक्री गेली तर एवढी मोठी कंपनी दखल घेईल. मला हा विचार विवेकाचा वाटतो. बातम्यांमध्ये गाजला तो हाच आकडा. न्यायाधीशांनी त्याच खटल्यात दंड मूळ भरपाईच्या तिप्पट, म्हणजे ४ लाख ८० हजारांवर आणला, हे फार थोड्यांपर्यंत पोचलं. एकूण झाले ६ लाख ४० हजार. पुढे दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि ती रक्कम जाहीर झाली नाही.

दंडाच्या आकड्यात ज्यूरी खरोखर घसरतात ते कुठे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सुमारे तीन हजार नागरिकांच्या पाचशेहून अधिक, अभ्यासापुरत्या मांडलेल्या लुटुपुटूच्या ज्यूरींवर झालेल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कुणाचं वागणं किती संतापजनक, यावर लोकांचं बऱ्यापैकी एकमत असतं. तो संताप डॉलरमध्ये मांडायची वेळ आली की एकमत विस्कटतं. आणि चर्चेने आकडा मवाळ होत नाही, चढतो. चौथ्या हिश्शाहून अधिक ज्यूरींनी दिलेला दंड त्यांच्यातल्या सगळ्यात कडक माणसाच्या सुरुवातीच्या आकड्याइतका किंवा त्याहूनही जास्त निघाला. चिडलेल्या माणसांमध्ये ‘एवढ्याने काय होणार?’ असं म्हणणाऱ्याचं पारडं जड होतं.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने या ओळीला कुंपण घातलं. अलाबामातल्या एका डॉक्टरने नवी म्हणून घेतलेली बीएमडब्ल्यू आधीच पुन्हा रंगवलेली निघाली. नुकसान ४,००० डॉलर. ज्यूरीने दंड लावला ४० लाख. देशभरात अशा सुमारे हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या, आणि हजार गुणिले चार हजार हा गुणाकार उघड दिसत होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वीस लाखांवर आणला. १९९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही जास्तच ठरवलं आणि तीन कसोट्या दिल्या: वागणं किती निंद्य, दंड आणि नुकसान यांचं प्रमाण काय, आणि अशाच चुकीला कायद्यात एरवी किती दंड आहे. २००३ मध्ये, ‘स्टेट फार्म विरुद्ध कॅम्पबेल’ खटल्यात, १० लाखांच्या भरपाईवर १४.५ कोटींचा दंड आला होता. तो रद्द करताना न्यायालयाने सांगितलं की हे प्रमाण सहसा एक आकडी असावं, म्हणजे नऊपटीच्या आत. २००७ मध्ये आणखी एक अट आली: खटल्यात नसलेल्या इतरांच्या नुकसानाबद्दल दंड देता येत नाही. वागणं किती वाईट, हे ठरवताना मात्र त्यांचा विचार चालतो. हा फरक ज्यूरीने चर्चेत नेमका कसा पाळावा, हे मला अजून कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही.

वेदनेच्या ओळीवरही कित्येक राज्यांनी मर्यादा घातल्या आहेत. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदनेची भरपाई अडीच लाखांवर रोखली आणि तो आकडा २०२३ पर्यंत, जवळपास अर्धशतक, जसाच्या तसा राहिला. दरम्यान महागाई किती वाढली! अशी मर्यादा असल्याचं ज्यूरीला बहुधा सांगितलंच जात नाही. ते दिवसचे दिवस ऐकतात, भांडतात, वीस लाख लिहितात आणि न्यायाधीश त्यातला कायद्याने बसेल तेवढा भाग ठेवतात. या मर्यादेचा फटका सगळ्यात जास्त कुणाला? ज्याची कमाई नाही त्याला. लहान मुलाची, गृहिणीची, म्हाताऱ्या माणसाची बुडालेली कमाई कागदावर थोडीच दिसते. त्यांच्या नुकसानाचा मोठा भाग वेदनेच्या ओळीतच असतो.

आणि तरीही चित्र बातम्यांसारखं नाही. अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांत २००५ मध्ये चाललेल्या दिवाणी खटल्यांत पैसे जिंकलेल्या वादींना मिळालेली मधली रक्कम, म्हणजे अर्ध्या लोकांना जिच्यापेक्षा कमी मिळाले ती, २८,००० डॉलर होती. बहुतांश दावे तर ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत, आधीच तडजोडीत मिटतात.

आपल्याकडे नेमकं दुसरं टोक आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयाप्रमाणे गुणक ठरवून दिला. मृताचं वय चाळीस असेल तर, त्याच्या वैयक्तिक खर्चाचा भाग वजा करून, वर्षाचं उत्पन्न गुणिले १५. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने जोडीदाराच्या सहवासाला मुकल्याबद्दल ४०,००० रुपये धरले, अंत्यविधीसाठी १५,०००, मालमत्तेच्या नुकसानासाठी १५,००० आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. नागपूरचा दावा असो की नाशिकचा, आकडा सारखा. समानता पुरेपूर आहे. पण नवरा गेलेल्या बाईचं दुःख कुणी बसून ऐकावं आणि मग तोलावं, याला त्यात जागा नाही.

मधला रस्ता आहे आणि तो अमेरिकेतच अर्धा बांधलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८६ च्या कायदेबदलानंतर अपिलाचे न्यायाधीश ज्यूरीची रक्कम तशाच इजांच्या आधीच्या निकालांशी ताडून बघतात आणि ती फार वेगळी वाटली तर बदलायला लावतात. म्हणजे तुलनेसाठी यादी असते, पण ती उघडली जाते निकालानंतर, वरच्या मजल्यावर. गुडघा कायमचा निकामी झाल्याच्या दहा-वीस जुन्या खटल्यांत किती दिलं गेलं, एवढी माहिती ज्यूरीला आधीच का देऊ नये? बंधन म्हणून नको, वकिलाच्या एकट्या आकड्याला उत्तर म्हणून द्यावी. ते जोवर होत नाही, तोवर ज्यूरीत बसणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं करावं: वकिलाने मोठा आकडा उच्चारला की त्याचा हिशेब कागदावर मागे सोडवत न्यावा. तासाला किती, वर्षाला किती, आणि त्यातला कुठला तुकडा पुराव्यातून आला.